गिऱ्हाइकाची निष्ठा आणि तिची किंमत

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात नफा-तोट्याची उदाहरणे चालली असता एका विद्यार्थ्याने उभे राहून आम्हांस विचारले, "सर, जी कंपनी लोकांना फुकट कूपने वाटते, तिला दुसरी कंपनी कोट्यवधी रुपये देऊन विकत कशासाठी घेते? फुकट वाटणाऱ्यापाशी विकण्याजोगे असते तरी काय?" प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरचा होता, परंतु तो इतका मार्मिक होता की, तास संपेपर्यंत आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले. ते उत्तर सावकाशीने पुरे करावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. विषय मोठ्या व्यापाऱ्यांचा दिसला, तरी तो आपल्या घरचाही आहे. सूतगिरणी चौकातून गजानन महाराज मंदिराकडे चालत जाताना वाटेत चार दुकानांत शिरावे. त्यांतील दोघांत तरी पैसे देण्यापूर्वी "मोबाइल नंबर सांगा, पॉइंट जमा होतील," असे शब्द कानी पडतात. हे पॉइंट म्हणजे काय, ते कोणाच्या पदरचे आणि ते जमविणारी कंपनी विकली गेली म्हणजे आपले काय होते, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईवडिलांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. ती आपणांस मुळीच नवी नाही. भाजीवाली मेथीची जुडी दिल्यावर वर कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकते; दूधवाला माप भरून झाल्यावर थोडी धार वर सोडतो; जुन्या मोंढ्यातील दुकानदार बऱ्याच दिवसांच्या गिऱ्हाइकास मुलाच्या हाती गुळाचा खडा ठेवतो. ही उदारता खरी असते, आणि तीत व्यवहारही असतो. गिऱ्हाइकाने उद्याही आपल्याचकडे यावे, ही तिच्यामागची इच्छा होय. नवे गिऱ्हाईक मिळविण्यापेक्षा जुने टिकविणे स्वस्त पडते, हे शहाण्या दुकानदारास कोणी शिकवावे लागत नाही. या वरच्या धारेचा हिशेब जेव्हा कागदावर मांडला गेला, तेव्हा तीतून एक स्वतंत्र धंदा निर्माण झाला.

अमेरिकेत १८९६ साली स्पेरी व हचिन्सन या दोन गृहस्थांनी हिरव्या रंगाची लहान तिकिटे छापून ती दुकानदारांस विकण्यास आरंभ केला. दुकानदार ती आपल्या गिऱ्हाइकांस खरेदीच्या प्रमाणात वाटीत. गिऱ्हाईक ती एका वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या म्हणजे त्यांच्या मोबदल्यात कंपनीकडून किटली, घड्याळ, चादर असा जिन्नस घेऊन जाई. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. माल दुकानदाराचा, पैसा गिऱ्हाइकाचा. आणि तिकिटांची कंपनी तिसरीच. दुकानदार तिकिटांचे पैसे तिला आज देई; गिऱ्हाईक वस्तू मागावयास महिन्यांनी, कधी वर्षांनी येई. मधल्या काळात ती रोकड कंपनीच्या तिजोरीत राही. शिवाय कित्येक तिकिटे हरवत, कित्येक वह्या अर्धवट राहत; त्यांच्या बदल्यात वस्तू द्यावीच लागत नसे.

ही मधली रोकड केवढी उपयोगाची असते, हे पुढे एका प्रसंगाने जगास दिसले. कॅलिफोर्नियातील ब्लू चिप स्टॅम्प्स ही अशीच तिकिटे वाटणारी कंपनी होती. वॉरन बफे व चार्ली मंगर या गृहस्थांनी तिचे भाग विकत घेत घेत तिच्यावर ताबा मिळविला. वस्तू न मागितलेल्या तिकिटांपोटी तिच्यापाशी मोठी रक्कम साठली होती. त्या बळावर १९७२ साली सीज कँडीज नावाची मिठाईची नामांकित कंपनी अडीच कोटी डॉलरांस खरेदी करण्यात आली. म्हणजे असंख्य गृहिणींच्या स्वयंपाकघरातील खणांत पडून राहिलेल्या तिकिटांनी एक कारखाना विकत घेतला! बक्षिसे वाटणारी कंपनी दुसऱ्यास हवीशी का वाटते, याचे पहिले उत्तर येथे मिळते.

दुसरे उत्तर मनुष्यस्वभावात आहे. जोसेफ नुनेस व झेव्हिअर द्रेझ या दोन अभ्यासकांनी मोटार धुण्याच्या एका ठिकाणी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तीनशे गिऱ्हाइकांस कार्डे वाटली. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के मिळविले म्हणजे एक वेळ मोटार फुकट धुवून मिळणार होती. उरलेल्या निम्म्यांवर दहा शिक्के हवे होते, परंतु त्यांपैकी दोन आधीच मारून दिले होते. विद्यार्थ्यांनो, तुम्ही लगेच सांगाल की, दोन्ही कार्डे सारखीच. आठ खेपा इकडेही, आठ तिकडेही. गणित तसेच सांगते. मन मात्र तसे सांगत नाही. पहिल्या प्रकारची कार्डे शेकडा १९ जणांनी पुरी केली. दुसऱ्या प्रकारची शेकडा ३४ जणांनी. आरंभ झाला आहे, असे वाटले की मनुष्य शेवटापर्यंत चालत जातो. हा स्वभाव विद्याभ्यासात लावला तर मोठा उपकारक आहे. पण दुकानदाराच्या हाती तो आपणांस ओढून नेणारी दोरी होतो.

आता मोबाइलच्या काळाकडे वळू. खिशातील कार्ड हरवते, भिजते, घरी राहते; फोन मात्र मनुष्य विसरत नाही. हे ओळखून कॅलिफोर्नियातील एका महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी 'पंच्ड' नावाची योजना काढली. कॉफीच्या दुकानात ठेवलेला चौकटीचा कोड फोनने टिपावा, की फोनमधील कार्डावर एक शिक्का उमटे. ठरलेले शिक्के पुरे झाले की एक पेला फुकट. २०११ साली गूगलसारख्या बलाढ्य कंपनीने हा इवलासा उद्योग आपल्या पोटात घेतला, आणि २०१३ साली ती सेवा बंदही करून टाकली. घेऊन बंद करावयाचे, तर घेतले कशाला? याचे उत्तर असे की, मोठी कंपनी पुष्कळदा दुकान विकत घेत नाही, दुकान उभारणारी माणसे विकत घेते. त्या विद्यार्थ्यांची बुद्धी तिला हवी होती. परंतु ज्यांच्या कार्डावर सात-आठ शिक्के झाले होते, त्यांच्या त्या सात-आठ पेल्यांचे काय, हा प्रश्न अशा सौद्यात नेहमी मागे राहतो.

याच जातीचा, परंतु याहून फार मोठा प्रकार आपल्या महाराष्ट्रात, मुंबई शहरी घडला. आणि वर्गातील त्या विद्यार्थ्याच्या मनात बहुधा तोच असावा. मुंबईचे विल्सन कॉलेज आमच्या वाचकांस नावाने परिचित असेल. स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली लावलेल्या रोपाचा तो वृक्ष. त्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेले कुणाल शाह यांनी संदीप टंडन यांच्यासह २०१० साली 'फ्रीचार्ज' नावाचा उद्योग सुरू केला. त्या वेळी बहुतेक लोक मोबाइलमध्ये आगाऊ पैसे भरीत. त्यास 'रिचार्ज' म्हणत. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन दहा, वीस, पन्नास रुपये भरण्याचा तो नित्याचा उद्योग होता. फ्रीचार्जने सांगितले की, हेच पैसे आमच्या संकेतस्थळावर भरा. जितक्याचा रिचार्ज, तितक्याच किमतीची कूपने आम्ही देऊ. शंभर रुपयांचा रिचार्ज केला, की खाण्यापिण्याच्या व कपड्यालत्त्याच्या दुकानांची शंभर रुपयांची कूपने हाती. रिचार्ज जणू फुकटच पडला, असे मनास वाटे. आणि नावही त्याच अर्थाचे ठेवले होते.

मग फ्रीचार्जचा निर्वाह कशावर? कूपने ज्या दुकानांची असत, ती दुकाने तिला मोबदला देत. वर्तमानपत्रात जाहिरात दिली तर ती कोणी वाचली, वाचून कोण दुकानात आला, हे दुकानदारास कळत नाही. कूपन घेऊन आलेला मनुष्य मात्र प्रत्यक्ष समोर उभा असतो. आणि पन्नास रुपयांचे कूपन घेऊन आलेला मनुष्य पन्नासच रुपयांचे खाऊन क्वचितच परत जातो. म्हणजे कूपन ही देणगी नव्हती. ती एक जाहिरात होती, आणि ती गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने, आनंदाने, दुकानापर्यंत वाहून नेत असे. यात कोणाची फसवणूक होती असे आम्ही म्हणत नाही. कॉलेजातील मुलांस सवलत मिळे, दुकानास गिऱ्हाईक मिळे आणि मध्यस्थास मोबदला मिळे. चातुर्य होते ते एवढेच की, मनुष्य जे काम दर आठवड्यास करणारच, त्या कामाच्या पाठीवर हा व्यापार बसविला होता.

या चातुर्यावर लक्ष गेले ते स्नॅपडील या कंपनीचे. कुणाल बहल व रोहित बन्सल यांनी २०१० साली दिल्लीत काढलेली ही कंपनीही मूळची सवलतींची कूपने विकणारी. पुढे ती इंटरनेटवरील मोठी बाजारपेठ झाली. एप्रिल २०१५ मध्ये तिने फ्रीचार्ज विकत घेतल्याचे जाहीर केले. किंमत कंपन्यांनी अधिकृतपणे सांगितली नाही. परंतु वर्तमानपत्रांनी ती सुमारे ४० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे अडीच हजार कोटी रुपये, असल्याचे छापले. पाच वर्षांच्या वयाच्या कंपनीस एवढे मोल! हिशेब असा होता की, कपडा किंवा भांडे मनुष्य महिन्या दोन महिन्यांनी घेतो, पण रिचार्ज वारंवार करतो. जो वारंवार दारी येतो, त्यास आपला इतर माल दाखविणे सोपे. आणि एकदा पैसे देण्याची वाट त्याच्या अंगवळणी पडली, की पुढची खरेदीही त्याच वाटेने होते. स्नॅपडीलने कूपने विकत घेतली नाहीत. तिने लोकांची सवय विकत घेतली.

परंतु सवय ही जमीनजुमल्यासारखी स्थावर वस्तू नव्हे. पुढे दोनच वर्षांत काय झाले पाहा. पेटीएमसारख्या प्रतिस्पर्ध्यांशी टक्कर देण्यासाठी पैसा पाण्यासारखा खर्चू लागला. एप्रिल २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय ही व्यवस्था आणली. तिच्यामुळे एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या खात्यात फोनवरून थेट पैसे पाठविता येऊ लागले आणि मधल्या पाकिटाची गरज उत्तरोत्तर कमी होण्याचा रंग दिसू लागला. इकडे स्नॅपडीलचा मूळ धंदाच अडचणीत आला. शेवटी जुलै २०१७ मध्ये ॲक्सिस बँकेने फ्रीचार्ज ३८५ कोटी रुपयांस घेण्याचा करार केला. वर्गातील गणितज्ञांनी हिशेब करावा: अडीच हजार कोटींचे ३८५ कोटी, म्हणजे रुपयामागे सुमारे साडेपंधरा पैसे उरले. बँकेस त्या भावात तयार यंत्रणा, ती चालविणारी माणसे आणि तरुण गिऱ्हाइके एकदम मिळाली. शाह यांनी पुढे २०१८ साली क्रेड नावाचा दुसरा उद्योग काढला. तोही बक्षिसांचाच आहे, मात्र तेथे क्रेडिट कार्डाचे बिल वेळेवर भरल्याबद्दल बक्षिसे मिळतात.

अशी हस्तांतरे एकदाच होतात असेही नाही. २००६ साली भारतात आय-मिंट नावाची पॉइंटांची योजना निघाली. २०१० साली लॉयल्टी पार्टनर या जर्मन कंपनीने तिच्यावर ताबा मिळविला आणि तिचे नाव पुढे पेबॅक झाले. २०११ साली त्या जर्मन कंपनीसच अमेरिकन एक्सप्रेसने विकत घेतले. जून २०२१ मध्ये दुकानदारांस पैसे घेण्याचे कोड पुरविणाऱ्या भारतपे या कंपनीने पेबॅकचा भारतातील कारभार घेतला, आणि २०२२ साली तिचे नाव झिलियन झाले. ज्या गृहस्थाने पहिल्या वर्षी पेट्रोल पंपावर वा कपड्याच्या दुकानात आपले नाव नोंदविले, तो घरी स्वस्थ बसला होता. त्याचे नाव मात्र एका मालकाकडून दुसऱ्याकडे देशोदेशी फिरून आले. शेत विकले म्हणजे त्यातील कूळही नव्या मालकाकडे जावे, तसाच काहीसा हा प्रकार होय.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर एकत्र मांडू. मोठी कंपनी अशा लहान कंपनीकडून पाच गोष्टी घेते. पहिली, ती उभारणारी हुशार माणसे. दुसरी, तयार यंत्रणा. ती नव्याने करावयास वर्षे लागतात. तिसरी, गिऱ्हाइकांची नामावळी व त्यांची सवय. चौथी, पॉइंटांपोटी हाती खेळणारा पैसा. आणि पाचवी, जी सर्वांत मोलाची आहे ती, गिऱ्हाइकांविषयीची माहिती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आमच्या घरी किती साखर लागते हे लिहिलेले असते. परंतु ती वही त्या दुकानाबाहेर जात नाही, आणि लिहिणारा आमच्या सुखदुःखात येणारा असतो. पॉइंटांची वही निराळी. तीत आपण काय घेतो, किती वाजता घेतो, कोणत्या आठवड्यात हात आखडता येतो, घरात तान्हे मूल आहे की मधुमेहाचा रोगी आहे, हे सर्व अक्षरशः उमटत जाते. आणि ती वही ज्यास मिळते, त्याने आपले तोंडही पाहिलेले नसते.

मोबदल्यात आपणांस काय मिळते, हेही मोजून पाहू. समजा, शंभर रुपयांच्या खरेदीस एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटाचे मोल पंचवीस पैसे आहे. एखाद्या कुटुंबाने महिन्यास सहा हजारांचा किराणा घेतला, तर साठ पॉइंट, म्हणजे पंधरा रुपये झाले, वर्षाचे एकशेऐंशी. शेकडा पाव रुपया सूट! दुकानदाराने "वर्षातून एकदा एकशेऐंशी रुपये कमी घेईन, पण तुमच्या घरची सारी यादी मला रोज द्या," असे म्हटले असते, तर आपण दोनदा विचार केला असता. आणि 'आणखी दीडशेची खरेदी केली तर जादा पॉइंट' या लोभाने महिन्यातून एकदा जरी नको असलेली वस्तू घेतली, तरी वर्षात अठराशे रुपये गेले; म्हणजे मिळकतीच्या दसपट खर्च झाला. हे उदाहरण कल्पित आहे. परंतु आपापल्या घरच्या पावत्या घेऊन प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा खरेपणी करून पाहावे. सुटीतील गृहपाठापेक्षा ते अधिक शिकवील.

केवळ दोषच दाखविणे न्यायाचे होणार नाही. जी वस्तू घ्यावयाचीच आहे, ती नेहमीच्या भावात घेऊन वर काही पॉइंट मिळाले, तर ते घेण्यात पाप नाही. लहान दुकानदारासही असे कार्ड हितकर होऊ शकते. आमच्या भागातील एक वह्या-पुस्तकांचे दुकानदार गृहस्थ पुठ्ठ्याच्या साध्या कार्डावर शिक्के मारतात आणि दहाव्या शिक्क्यास मुलांस एक वही देतात. नाव नाही, नंबर नाही. वही मात्र ठरल्याप्रमाणे मिळते. बक्षिसामागे दुसरा हेतू दडला आहे काय, हे ओळखण्यास त्या कार्डाशी तुलना करून पाहावी.

आमच्या घरचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी एका योजनेत दोन-अडीच वर्षे पॉइंट जमविले होते. त्यांतून नवा प्रेशर कुकर घ्यावयाचा, असा त्यांचा संकल्प. आणि दर महिन्यास त्या पावतीवरचा आकडा वहीत उतरवून ठेवीत. ती योजना चालविणारी कंपनी दुसरीने घेतली. फोनवर इंग्रजीत एक लांबलचक निरोप आला होता. शिकविण्याच्या व परीक्षेच्या धांदलीत आम्ही तो वाचला नाही. ठरलेली मुदत उलटून गेली आणि सारे पॉइंट शून्य झाले. विचारावयास गेलो तर, "नियमांत लिहिले होते," हे उत्तर. आणि ते खरेच होते. सौभाग्यवती रागावल्या नाहीत. त्या इतकेच म्हणाल्या, "अहो, पॉइंटांऐवजी दर महिन्याला पन्नास रुपये डब्यात टाकले असते, तर कुकर केव्हाच आला असता." मुलांस इंग्रजी शिकविणाऱ्या मनुष्याने इंग्रजी निरोप न वाचता सोडावा, याची लाज आम्हांस अजून वाटते.

परंतु कुकरापेक्षा मोठे नुकसान आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या एका विद्यार्थ्याची आई शिवणकामावर घर चालविते. मुलाने हौसेने दोन-तीन दुकानांत पॉइंटांसाठी तिचा नंबर दिला होता. तो नंबर पुढे कोठून कोठे गेला, हे कोणास सांगता येणार नाही. एके सायंकाळी तिच्या फोनवर निरोप आला की, तुमचे हजारो रुपयांचे पॉइंट आज रात्री बाद होणार, खालील दुवा दाबा. बाईंनी दुवा दाबला, मागितलेला आकडा सांगितला, आणि सत्राच्या फीसाठी जमविलेले बारा हजार रुपये काही क्षणांत खात्यातून गेले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला, तो मान वर करीना. आम्ही त्यास जवळ घेऊन म्हणालो, "बाळा, चोरी करणाऱ्याचे पाप तुझ्या माथी नाही." फीची सोय झाली, पण त्या घरी गेलेला विश्वास लवकर परत आला नाही. आईवडिलांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की, पॉइंट देण्यासाठी कोणतीही प्रामाणिक बँक वा दुकान फोनवर आलेला गुप्त आकडा विचारीत नाही. दुर्दैवाने असे घडलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा व आपल्या बँकेस कळवावे. जितकी त्वरा, तितकी पैसा अडविता येण्याची आशा अधिक.

कायदाही आता या बाबतीत जागा झाला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरविले की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांस बजावले की, मोबाइल नंबरावाचून माल देणार नाही, असा आग्रह धरू नये. त्याच वर्षी ऑगस्टात व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईवडिलांची खात्रीलायक संमती घ्यावी लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांस उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. दिलेली संमती परत घेण्याचा व माहिती पुसून टाकण्यास सांगण्याचाही अधिकार त्यात आहे. तथापि कायदा हा दाराच्या कडीसारखा आहे; ती घरच्या माणसाने लावली तरच उपयोग.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस चार साधी सांगणी आहेत. नंबर विचारला असता नम्रपणे "नको, पॉइंट नकोत," असे म्हणण्यास शिकावे. त्यात उद्धटपणा नाही. आईवडिलांचा नंबर ही त्यांची ठेव आहे, ती त्यांस विचारल्यावाचून देऊ नये. पॉइंट जमविलेच तर मुदत पाहून वेळीच वापरावेत, कारण पॉइंट म्हणजे पैसा नव्हे, पैसे देण्याचे वचन होय. आणि वचन देणारा बदलू शकतो. कंपनी विकल्याची बातमी वाचली, की पहिला निरोप पुरता वाचावा. न समजल्यास शाळेत आणावा, आम्ही आनंदाने समजावून देऊ.

शास्त्रातील एसावाची गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. रानातून थकून भुकेला आलेल्या त्या थोरल्या भावाने मसुरीच्या वाटीभर कालवणासाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क धाकट्यास देऊन टाकला. कालवण वाईट नव्हते, आणि भूकही खोटी नव्हती. चूक एवढीच झाली की, आपण काय देत आहो, याचा त्याने क्षणभरही विचार केला नाही. दुकानाच्या गल्ल्यापुढे उभे राहिलेल्या आपणा सर्वांवर दिवसातून एकदा तरी हा प्रसंग येतो.

वर्गातील त्या विद्यार्थ्यास आता आमचे उत्तर असे की, बाळा, फुकट वाटणाऱ्यापाशी विकण्याजोगे पुष्कळ असते. आपण त्याच्याकडे परत परत येतो, हीच त्याची मालमत्ता. व्यापारी तिला निष्ठा म्हणतात. आम्हांस तो शब्द तेथे जड वाटतो. निष्ठा आईवडिलांवर, गुरूंवर, मित्रांवर आणि देवावर असावी. तिचे पॉइंट होत नाहीत आणि ती कोणत्याही कंपनीस विकता येत नाही. दुकानदाराशी चोख व्यवहार, गोड बोलणे आणि वेळेवर पैसे, इतके पुरे. तुमच्या प्रश्नाने आम्हांस इतके लिहावयास लावले, याबद्दल तुमचे आभार. असेच प्रश्न पुढील वर्षीही विचारीत जावे.